उन्हाळ्यात आपलाच समुद्र: रत्नागिरीत राहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या गाड्या रत्नागिरीत उतरतात आणि आपण मात्र नाचणे, कुवारबाव, साळवी स्टॉपला पंख्याखाली बसून 'काय उकडतंय' म्हणत राहतो. समुद्र काही किलोमीटरवरच असतो. शेजारी-पाजारी, नातेवाईक आणि नव्याने बदली होऊन आलेली मंडळी मला जे प्रश्न विचारत असतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पर्यटकांसाठी माहिती भरपूर आहे. हे पान इथे घर असलेल्यांसाठी आहे.

समुद्र इथेच आहे, कधीही जाऊ, असं म्हणता म्हणता उन्हाळा संपतो. काय करावं?

सहल ठरवू नका. सहल म्हटली की डबे, दोन गाड्या, सगळ्यांची सुट्टी जुळवणं आलं आणि त्यातच रविवार निघून जातो. घरून संध्याकाळी साडेपाचला निघायचं आणि साडेसातला परत यायचं, एवढंच धरा. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. रविवारी मांडवीला गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, त्यात बुधवारी भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, एक फेरी होते.

कोणत्या वेळी जावं?

सकाळी साडेसहा ते नऊ, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. आपल्याकडे पारा नागपूरसारखा चाळिशी ओलांडत नाही, बहुतेक दिवस बत्तीस-चौतीसच्या आसपास असतो. पण हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही की अंग गार होत नाही. म्हणून चौतीस अंशांतही जीव घाबरा होतो. यावर उपाय वाऱ्याचा, आणि वारा किनाऱ्यावर असतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिच्या जागी समुद्रावरून खारा वारा आत येतो. दुपारी तो चांगलाच जोर धरतो. रात्री उलट होतं, जमीन लवकर निवते आणि मतलई वारा समुद्राकडे वाहू लागतो.

याचा एक परिणाम फारसा कोणी लक्षात घेत नाही. सकाळी मतलई वाऱ्यामुळे पाणी शांत, जवळजवळ सपाट असतं. दुपारनंतर वायव्येकडून वारा सुटला की त्याच किनाऱ्यावर लाटा उसळू लागतात. तेव्हा मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर सकाळ, आणि नुसतं वाऱ्यावर बसायचं असेल तर संध्याकाळ.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण कुठल्या किनाऱ्यावर जायचं आणि तिथे काय करायचं हे यावरच ठरतं. मोबाइलवर वेळा मिळतात. पण आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे त्याहून सोपं गणित आहे आणि ते भिंतीवरच्या कालनिर्णयवरून करता येतं.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, आणि दोन्हींच्या मध्ये नऊच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. यामागचं कारण असं की दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाऊणपट ही त्याचीच सोपी केलेली रीत. रत्नागिरीत हिशोबाने आलेल्या वेळेच्या तासभर आधीही पाणी भरतं, तेव्हा तेवढी सूट ठेवायची.

वेळेइतकंच पाण्याच्या जोराकडेही बघायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून चढ-उतार कमी. ती भांगाची भरती.

आता हे पुळणीवर लावून बघा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास पाणी तळाला गेलेलं असतं. वर्षातली सर्वांत रुंद, घट्ट, चालायला सुंदर पुळण त्या संध्याकाळी मिळते, आणि पौर्णिमा असेल तर समोर सूर्य बुडत असताना पाठीमागे डोंगरावर चंद्र येतो. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी भरलेलं पण सौम्य असतं. त्या दिवशी मांडवीच्या धक्क्यावर बसायचं. मी गेली काही वर्षं कॅलेंडरवर या दोन तिथ्यांना पेन्सिलीने खूण करून ठेवते.

मांडवी बरी की भाट्ये?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

मांडवी शहराच्या कुशीत आहे. बाजारातून चालतही जाता येतं. तिथली वाळू काळी, म्हणून त्याला काळा समुद्र म्हणायची पद्धत आहे. इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे तो रंग येतो. काळी वाळू तापते फार आणि निवायला वेळ घेते, तेव्हा दुपारी, संध्याकाळी सहाच्या आधी, अनवाणी चालू नका. मांडवीची खरी गंमत धक्क्यावर आहे. कमानीतून आत गेलं की दोन्ही बाजूंना पाणी, उजवीकडे रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर, डावीकडे भाट्याची खाडी आणि मधून घरी परतणाऱ्या होड्या. भेळवाले, मक्याची कणसं, मुलांचा आरडाओरडा, सगळं असतं. ज्यांना माणसांत बसायला आवडतं त्यांची जागा ही.

भाट्ये म्हणजे चालण्याची जागा. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथून पूल ओलांडला की दक्षिणेला सरळ, लांब पुळण आणि तिच्या मागे सुरूचं बन. सुरूच्या सावलीत सकाळी नऊपर्यंतही बसवतं. पुलावर दोन मिनिटं थांबा. एका बाजूला राजिवडा या मच्छीमार वस्तीच्या होड्या, दुसरीकडे खाडीचं तोंड आणि गाळाने तयार झालेले वाळूचे पट्टे. त्या गाळातून वाट काढत होड्या आत-बाहेर करणं किती अवघड असतं ते ओहोटीच्या वेळी नीट दिसतं. जवळच कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे आणि पुढे झरी विनायकाचं देऊळ. पावसकडे जाणारी एसटी याच रस्त्याने जाते, त्यामुळे गाडी नसेल तरी अडत नाही.

पांढरा समुद्र कुठे आहे आणि तिथे बसता येतं का?

रत्नदुर्गाच्या उत्तरेला, मिऱ्याच्या बाजूला. किल्ल्याच्या एका अंगाला काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला पांढरी, हे एका शहरात बघायला मिळणं भाग्याचं आहे. लहानपणी आम्ही तिथे वाळूत खेळलो. आता बऱ्याच ठिकाणी समुद्राने किनारा खाल्ला आहे आणि दगडांचे बंधारे घालावे लागले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे तेलवाहू जहाज वाहत येऊन इथेच बंधाऱ्याला लागलं होतं. सूर्यास्त बघायला जागा उत्तम, पण बंधाऱ्याच्या दगडांवर चढू-उतरू नका. शेवाळ असतं आणि दगडांमध्ये पाय अडकतो. उधाणाच्या भरतीला तर लांबच थांबा.

आरे-वारेला जाणं घराजवळचं म्हणायचं का?

शहरापासून दहा-बारा किलोमीटर आहे, तेव्हा म्हणायला हरकत नाही. गणपतीपुळ्याला जाणारा किनाऱ्याचा रस्ता तिथे वळणं घेत उंचावर चढतो आणि खाली दोन पुळणी एकदम उघडतात. तो देखावा वरूनच बघण्याचा आहे. खाली उतरलात तर पुळणीवर चाला, पण पोहू नका. तिथे तळ एकदम खोल जातो आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत.

लहान मुलांना पाण्यात न्यावं का?

न्यावं. समुद्राच्या गावात वाढलेल्या मुलाला समुद्राची भीती आणि ओळख दोन्ही हवी, आणि दोन्ही पाण्यात पाय घातल्याशिवाय येत नाही. माझ्या भाच्याला आम्ही तीन वर्षांचा असल्यापासून भाट्याला नेतो. नियम एकच, की पाणी त्याच्या गुडघ्याच्या वर गेलं की मोठ्या माणसाने हात धरायचा, आणि तो 'मोठा माणूस' कोण हे निघायच्या आधी नाव घेऊन ठरवायचं. चार मोठी माणसं असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. एकदा असंच झालं. आम्ही सगळे कलिंगड कापण्यात गुंतलो होतो आणि तो पाण्याकडे चालू लागला. पुळणीवर जाळं झटकणाऱ्या एका काकांनी त्याला उचलून आणून दिलं. काही झालं नाही, पण तेव्हापासून आम्ही नाव घेतल्याशिवाय चपला काढत नाही.

शक्यतो चढत्या पाण्यात मुलांना खेळवा. उतरत्या पाण्यात समुद्र आत ओढतो. आणि भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी कोणीही, पोहता येत असलं तरी, उतरू नये. अख्ख्या खाडीचं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडत असतं. वरून शांत दिसतं आणि खाली माणूस उभा राहू शकत नाही.

पाण्याची ओढ ओळखायची कशी? आणि सापडलो तर?

लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. जिथे वाळूच्या पट्ट्यात खळगा असतो तिथून ते एका अरुंद वाटेने जोरात आत जातं. दोन बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गडद किंवा गढूळ आहे, फेस आत चाललाय, असं दिसलं की ती ओढ. दुर्दैव असं की नवख्याला तीच जागा सर्वांत शांत वाटते आणि तो तिथेच उतरतो.

सापडलात तर किनाऱ्याकडे झटू नका. ओढीशी भांडून दम संपतो आणि मग माणूस बुडतो. ती पाण्याखाली खेचत नाही, फक्त आत नेते, आणि तिची वाट फार रुंद नसते. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा, आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाहेर पडा. मग लाटांबरोबर परत या. बाहेर असलेल्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवताना दुसरा जातो, असं वारंवार घडतं. दोरी, रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि कोळी बांधवांना हाक मारा. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, तटरक्षक दलासाठी १५५४.

पायाला काही चावलं किंवा लागलं तर?

ओहोटीच्या उथळ पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, वाळूत दडून बसते. पाय न उचलता वाळूत घासत चाला, म्हणजे ती आधीच सटकते. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा, त्याने वेदना उतरतात, आणि मग डॉक्टरकडे जायचं. पुळणीवर पडलेल्या जेलीफिशला, ती मेलेली दिसली तरी, मुलांना हात लावू देऊ नका. कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या, दगडांवर अनवाणी जाऊ नये, ती सुरीसारखी कापतात.

आईवडिलांना चालवत नाही. त्यांना कुठे न्यावं?

थिबा पॉइंटला. गाडी वरपर्यंत जाते, बसायला जागा आहे, आणि खाली काजळीचं वळण, भाट्याचा पूल, नारळीची बनं आणि समुद्र एका नजरेत येतात. वाळूत पाय रुतण्याची चिंता नाही. जवळच थिबा राजवाडा. १८८५ साली राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० साली हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. त्या उंचावरून समुद्राकडे बघताना त्याच्या मनात काय येत असेल, हा विचार माझ्या मनातून कधी जात नाही.

सोबत खायला काय न्यावं?

थोडं. कोकम सरबताची बाटली, मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे. एप्रिल-मेमध्ये वाटेत शहाळी आणि ताडगोळे मिळतात, करवंदांचे द्रोण घेऊन बायका बसलेल्या असतात, त्यांच्याकडूनच घ्या. पाणी मात्र घरून दुप्पट न्या, वाऱ्यात घाम कळत नाही आणि तहान उशिरा लागते. आंबा घरी खावा. हापूसला दोन्ही हात लागतात, आणि वाळूचे हात आंब्याला लावणं मला सहन होत नाही. साली, प्लास्टिकचे पेले परत पिशवीत घाला. पुळणीवर राहिलेलं प्लास्टिक पुढच्या भरतीला पाण्यात आणि मग राजिवडा-मिरकरवाड्याच्या जाळ्यांत जातं.

गरवायला किंवा मुळे काढायला जाता येईल का?

गरी टाकून बसायला मांडवीचा धक्का चांगला, फक्त मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघून गरी भिरकवा. मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायचे तर भाट्याच्या खाडीत सुकतीच्या वेळी. तिथे ज्या बायका वाकून मुळे काढत असतात त्यांचं ते पोट आहे. आपण गंमत म्हणून जातो, तेव्हा त्यांच्या जागेत घुसू नये, त्यांना विचारावं. विचारलं की त्या आनंदाने शिकवतात. एका वेळच्या कालवणापुरते घ्या आणि बारीक मुळे परत चिखलात टाका.

गाडी पुळणीवर उतरवली तर चालेल?

नाही. ओली वाळू वरून घट्ट दिसते आणि चाक फिरलं की आत जाते. गाडी काढेपर्यंत भरती लागते. शिवाय आपल्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालतात. शहराच्या दक्षिणेला गावखडीला त्यांची घरटी जपली जातात.

पाण्यात पाय न घालता समुद्र बघायचा असेल तर?

पहिलं नाव मिरकरवाडा बंदराचं, आणि सकाळी लवकर. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव पुकारला जातो. पापलेट, सुरमई, बांगडा यांची ओळख मुलांना इथे जितकी होते तितकी पुस्तकात होत नाही. ही कामाची जागा आहे, तेव्हा वाट अडवून फोटो काढू नयेत आणि घसरणार नाहीत अशा चपला घालाव्यात.

दुपारच्या उन्हात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बरं. तिथला देवमाशाचा सांगाडा बघून माझ्या भाच्याने अर्धा तास प्रश्न विचारले. रत्नदुर्गावर संध्याकाळी जा. घोड्याच्या नालेसारखा आकार, तीन बाजूंना समुद्र, वर भगवतीचं देऊळ. तटावरून खाली बघताना मुलांचा हात सोडू नका, कड्याला कठडा सगळीकडे नाही.

हे सगळं कधीपर्यंत चालतं?

मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर दूरच्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटा आपल्याकडे पोचू लागतात. आकाश निरभ्र असतं, वारा नसतो, तरी समुद्र फुगलेला दिसतो. संध्याकाळी सह्याद्रीकडून काळं आभाळ येऊन वळवाचा पाऊस आणि विजा. असं दिसलं की पुळण सोडून गाडीत किंवा पक्क्या घरात यायचं, सुरूच्या झाडाखाली थांबायचं नाही. पाण्यात उतरणं तेव्हापासून नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होईपर्यंत बंद.

पण मेचा शेवटचा आठवडा घरात घालवू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे त्याआधीच्या दिवसांत किनाऱ्यावर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, घाई बघायला मिळते. होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झावळ्यांचे झाप घालून त्या शाकारतात, जाळी धुऊन वाळवून उचलतात. बाजारात सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), सुकट, सुके बोंबील यांचे ढीग लागतात. माझी आई चाळीस वर्षं या गावात राहून वर्षातून दोनदा समुद्रावर जायची. आता दर एकादशीला जाते, कारण त्या संध्याकाळी पाणी चढतं असतं आणि मांडवीच्या धक्क्यावर बसल्या जागी लाट जवळ येते. मेच्या शेवटच्या एकादशीला येताना ती सोडे घेऊन येते आणि पुढच्या एकादशीला छत्री घेऊन थिबा पॉइंटवर जायचं असं आम्हाला बजावते.